मुलीच्या कमाईची किंमत कोण ठरवणार?

27 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने एक निर्णय जाहीर केला. भारताकडून खेळणाऱ्या महिला खेळाडूंना यापुढे पुरुषांइतकीच मॅच फी मिळेल. कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख आणि टी-ट्वेंटीला 3 लाख रुपये. त्याआधी मर्यादित षटकांच्या सामन्याला महिलांना 1 लाख मिळत होते. आपल्या आधी काही महिने न्यूझीलंडने असाच निर्णय घेतला होता.

आमच्या घरात क्रिकेट पाहिले जाते आणि त्यावर भांडलेही जाते. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे भाईजान म्हणतो, सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्तीनंतर ते एकही सामना चुकवत नाहीत. हा निर्णय त्यांना पटला नाही. त्यांचे आक्षेप तीन होते. पहिला, पुरुषांच्या सामन्याला गर्दी होते, जाहिराती मिळतात, मग पैसा त्यांनाच जास्त मिळणार. दुसरा, पुरुषाला घर चालवायचे असते, बाईला नाही. तिसरा आक्षेप ते थोडे आवाज खाली घेऊन सांगतात. शरीअतमध्येच मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा आहे, मग पगार सारखा कसा?

हे तीनही आक्षेप मी केवळ भाईजानकडून ऐकलेले नाहीत. लग्नाच्या बैठकीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, दवाखान्यातल्या बाकावर, सगळीकडे ऐकले आहेत. सांगणारी माणसे वाईट नसतात. आपल्या मुलींवर त्यांची माया असते. म्हणूनच या आक्षेपांना नीट उत्तर द्यावे असे वाटते.

आधी बाजाराचे बोलू. पुरुषांचे क्रिकेट जास्त पैसा आणते, यात शंका नाही. पण तो बाजार आपोआप उभा राहिला का? भारतात महिला क्रिकेट संघटना 1973 मध्ये स्थापन झाली. 1976 मध्ये आपल्या मुली बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळल्या. त्या काळातल्या खेळाडू रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यातून प्रवास करत आणि सामूहिक खोल्यांत मुक्काम करत. नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते 2006 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, 2005 मध्ये, मिताली राजच्या संघाने विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली होती. तेव्हा सामन्यामागे 1 हजार रुपये मिळाले, असे मितालीने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. महिलांना वार्षिक करार मिळू लागले ते 2015 मध्ये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोव्हेंबर 2014 ते जून 2021 या काळात भारताच्या महिला संघाने एकही कसोटी सामना खेळला नाही. साडेसहा वर्षे! कसोटीची फी 15 लाख असो की 50 लाख, सामनाच नसेल तर हातात काय येणार? एखाद्या दुकानदाराने दुकान उघडायचेच नाही आणि वर म्हणायचे, की गिऱ्हाईक येत नाही, तसा हा प्रकार आहे.

दुकान उघडल्यावर काय झाले तेही आपण पाहिले. 2023 मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. पहिल्या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क 951 कोटींना विकले गेले. मुंबईत झालेल्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान गच्च भरले होते. त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात फटाके वाजले. भाईजानही जागे होते. दीप्ती शर्माने पाचवी विकेट घेतली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, मी पाहिली.

त्या स्पर्धेची बक्षिसाची एकूण रक्कम 2023 च्या पुरुषांच्या विश्वचषकापेक्षा जास्त होती. महिलांची 1 कोटी 38 लाख 80 हजार डॉलर, पुरुषांची 1 कोटी डॉलर. म्हणजे जागतिक पातळीवर वारे बदलले आहे. आपल्या घरचा हिशोब मात्र अजून पुरा झालेला नाही. 2024-25 च्या वार्षिक करारात पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला 7 कोटी रुपये होते आणि महिलांच्या वरच्या श्रेणीला 50 लाख. चौदा पट फरक. पुरुषांच्या सर्वांत खालच्या श्रेणीलाही 1 कोटी मिळत होते, म्हणजे स्मृती आणि हरमनप्रीतच्या दुप्पट.

इथे मी एक गोष्ट मान्य करते. लीगमध्ये संघमालक आपल्या खिशातून बोली लावतो. तिथे पुरुष खेळाडूला 27 कोटी आणि महिला खेळाडूला साडेतीन कोटी मिळाले, तर तो बाजाराचा भाव आहे. तो आज उद्या सारखा होणार नाही आणि हट्ट करण्यातही अर्थ नाही. पण देशाची जर्सी घालून खेळणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे पैसे देणारी संस्था एकच, झेंडा एकच, सराव तितकाच आणि दुखापतही तितकीच. तिथे गिऱ्हाइकाच्या गर्दीचे कारण पुढे करता येत नाही.

टेनिसमध्ये हा वाद आपल्याआधी फार वर्षे चालला. अमेरिकन ओपनने 1973 मध्ये स्त्री-पुरुषांचे बक्षीस सारखे केले. विम्बल्डनला त्यासाठी 2007 साल उजाडावे लागले. पुरुष पाच सेट खेळतात आणि स्त्रिया तीन, असे कारण तिथे वर्षानुवर्षे दिले जात होते. पण कामगाराला तासावर पैसे देतात, कसबी माणसाला कामाच्या दर्जावर. 2015 मध्ये सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली, तेव्हा त्या जोडीला पुरुष दुहेरीच्या विजेत्यांइतकेच बक्षीस मिळाले. हैदराबादच्या एका मुस्लिम घरातल्या मुलीला तो हक्क आयता मिळाला, कारण तिच्या आधीच्या बायकांनी तीसचाळीस वर्षे तो लावून धरला होता. आपल्या देशातही स्क्वॉशपटू दीपिका पल्लिकलने राष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांचे बक्षीस कमी म्हणून 2012 पासून चार वर्षे त्या स्पर्धेत खेळायचे नाकारले. 2016 मध्ये रक्कम सारखी झाल्यावरच ती परतली. खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. त्यातली चार वर्षे अशी सोडणे सोपे नसते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो आमच्या घरात फार जवळ येऊन बसला आहे.

भाईजानची धाकटी मुलगी, माझी भाची, जिल्ह्याकडून आणि नंतर विद्यापीठाकडून क्रिकेट खेळली. भारताकडून खेळण्याइतकी मजल गेली नाही, पण तिने क्रीडाशिक्षणाची पदवी घेतली आणि आमच्या शहरातल्या एका खासगी क्रिकेट अकादमीत प्रशिक्षक म्हणून लागली. सकाळी साडेपाचला मुलींची बॅच, संध्याकाळी लहान मुलांची. डोक्याला स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी. तिच्याबरोबर एक सर होते. पदवी तीच, बॅच तितक्याच. त्यांना महिना 18 हजार, हिला 11 हजार.

हे तिला सहा महिन्यांनी कळले. तिने मालकांना विचारले. ते हसून म्हणाले, "बेटा, त्यांना घर चालवायचंय. तुला कुठे चालवायचंय?" घरी आल्यावर तिने भाईजानना सांगितले, तर तेही म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. लग्न होईपर्यंत तुझ्या हातखर्चाला पुरे."

ती माझ्याकडे आली. म्हणाली, "फुफी, सरांचं अजून लग्न झालेलं नाही. ते आईवडिलांकडे राहतात. मग त्यांना 18 कशाला? आणि आपलं लाइट बिल, अब्बांची शुगरची औषधं कोण भरतं?"

मला हसूही आले आणि वाईटही वाटले. कारण तिचा हिशोब बिनचूक होता.

घर चालवायची जबाबदारी पुरुषाची, ही गोष्ट आपल्या दीनमध्ये आहेच. नफका ही नवऱ्यावरची जबाबदारी आहे आणि बायको कितीही श्रीमंत असली तरी ती टळत नाही. पण ही जबाबदारी नवऱ्याची बायकोप्रति आहे, बापाची लेकरांप्रति आहे. मालकाने मजुरी किती द्यावी याचा तो नियम नाही. तसे असते तर सहा लेकरांच्या बापाला एका पोराच्या बापापेक्षा तिप्पट पगार मिळाला असता आणि अविवाहित फलंदाजाला निम्मी मॅच फी. असे कोणी कुठे करते का? मजुरी कामाची असते. घरी खाणारी तोंडे किती, ते मालक पुरुषाला विचारत नाही, मग मुलीलाच का विचारतो?

आणि उलट बाजूही पाहा. किती घरांत आज मुलीच्या पगारावर चूल पेटते! बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ लहान, कुठे नवरा सोडून गेलेला. अशा मुलीने मालकाला सांगितले, की मला घर चालवायचे आहे, म्हणून तिचा पगार कधी वाढलेला मी पाहिलेला नाही. म्हणजे हे कारण फक्त एकाच दिशेने चालते.

तिसरा आक्षेप वारशाचा. त्यावर मी भाईजानना इतकेच म्हटले, की वारसा ही कमाई नाही. बाप गेल्यावर जे आपसूक मिळते, त्याची वाटणी अल्लाहने ठरवून दिली आहे आणि त्यामागे नफक्याची जबाबदारी पुरुषावर टाकल्याचा विचार आहे, असे उलमा सांगतात. ती वाटणी बदलायला मी निघालेले नाही. पण मजुरी हा दोघांतला करार आहे. काम ठरते, मोबदला ठरतो आणि काम झाले की मोबदला हक्काचा होतो. सूरह निसामध्ये वारशाच्या आयती आहेत आणि त्याच सूरहमध्ये पुरुषांनी कमावलेल्यात पुरुषांचा आणि स्त्रियांनी कमावलेल्यात स्त्रियांचा हिस्सा असल्याचेही सांगितले आहे. एक आयत तोंडपाठ ठेवायची आणि दुसरीकडे कानाडोळा करायचा, हे बरे नाही. शिवाय खरे सांगायचे तर, वारशाचा तो निम्मा हिस्सा तरी आपल्या किती बहिणींच्या हातात प्रत्यक्ष पडतो? माहेर तुटू नये म्हणून सही करून मोकळ्या होणाऱ्या बायका प्रत्येक खानदानात आहेत. पगार कमी करताना शरीअत आठवते, जमीन वाटताना विसरते.

हजरत खदिजा (रजि.) मक्केतल्या नावाजलेल्या व्यापारी होत्या. आपला माल घेऊन शामला जाण्यासाठी त्यांनी तरुण मुहम्मद (स.) यांना नेमले आणि इतरांना देत होत्या त्यापेक्षा अधिक मोबदला देऊ केला, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. कारण काय? सचोटी. घरी माणसे किती हे पाहून नव्हे, तर माणसाचे काम आणि त्याचा भरवसा पाहून त्यांनी मोबदला ठरवला. मोबदला देणारी स्त्री होती, हेही विसरू नये. मेहर बायकोचीच असते, तिच्यावर बापाचा वा नवऱ्याचा हक्क नसतो, हे आपण निकाहाच्या वेळी अभिमानाने सांगतो. मग तिच्या घामाच्या कमाईचे वजन कमी का मानायचे?

मुलींनी खेळावे का, असेही काही वाचकांना वाटत असेल. हजरत आयशा (रजि.) आणि प्रेषित (स.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत हदीसमध्ये आहे. पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले. पोशाखाचा, जागेचा, वेळेचा विचार प्रत्येक घराने आपल्या समजुतीने करावा. डोके झाकून खेळण्याची मुभा जागतिक फुटबॉलमध्ये 2014 मध्ये आणि बास्केटबॉलमध्ये 2017 मध्ये मिळाली, म्हणजे दारे उघडत आहेत. निजामाबादच्या निखत झरीनने 2022 आणि 2023 मध्ये मुष्टियुद्धाची जागतिक विजेतेपदे मिळवली. कोलकात्याच्या सायका इशाकला मुंबई इंडियन्सने पहिल्या महिला लीगमध्ये अवघ्या 10 लाखांत घेतले होते. तिने त्या हंगामात 15 बळी घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वानखेडेवर भारताकडून पहिला सामना खेळली. त्या सामन्याची फी तिला पुरुष खेळाडूइतकीच होती. साध्या घरातल्या मुलीसाठी 3 लाख रुपये म्हणजे काय, हे मोठ्या रकमांच्या चर्चेत विसरायला होते.

पण भारताकडून खेळणाऱ्या मुली पंधरावीस. त्यांच्या खाली राज्याकडून, जिल्ह्याकडून खेळणाऱ्या हजारो आहेत. 2021 मध्ये देशांतर्गत सामन्यांसाठी महिलांची फी दिवसाला साडेबारा हजारांवरून 20 हजार झाली, तेव्हा पुरुषांची 40 ते 60 हजार ठरली. पुढे महिलांची रक्कम वाढली आहे, पण फी सारखी करायची हा विचार वरून खाली झिरपायला वेळ लागतो. माझ्या भाचीसारख्या मुलींपर्यंत तो यायला तर आणखी वेळ लागेल. वाट पाहत बसलो तर तिची उमर निघून जाईल.

तिच्या अकादमीचे पुढे काय झाले, तेही सांगते. मी तिला म्हटले, तोंडी बोलू नकोस, अर्ज लिही. तिने लिहायला घेतला आणि रडकुंडीला आली. शेवटी भाईजाननीच कागद ओढून घेतला. म्हणाले, "अर्जात तक्रारीचा सूर नको, कामाचा तपशील हवा." चाळीस वर्षे अर्ज वाचलेला माणूस! बॅच किती, मुले किती, तास किती, जिल्हा संघात निवड झालेल्या मुली किती, सगळे मुद्देसूद लिहून दिले. आणि शेवटी स्वतःहून एक ओळ घातली, की सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखे वेतन देण्याचा कायदा या देशात 1976 पासून आहे. मालकांनी पगार 15 हजार केला. 3 हजारांचा फरक अजून आहे. भाची दर महिन्याला तो आठवणीने बोलून दाखवते. भाईजानचे मत बदलले का, असे मी विचारलेले नाही. मालकांना दुसरा अर्ज कधी द्यायचा, हे मात्र ते मला दोनदा विचारून गेले आहेत.

आपल्या हातात काय आहे, एवढे सांगून थांबते. मुलगी नोकरीला लागली तर तिचा पगार किती, हे विचारताना तिच्याबरोबरच्या पुरुषाचा किती, हेही विचारा. तिचा पगार तिच्या नावाच्या खात्यात जाऊ द्या. घरात ती जे देते ते तिचा एहसान म्हणून घ्या, हक्क म्हणून नव्हे. आपल्या मोहल्ल्यांत, जमातींत दरवर्षी क्रिकेटच्या स्पर्धा होतात. मुलांना 51 हजार आणि चषक, आणि मुलींचा सामना ठेवलाच तर प्रेशर कुकर, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बक्षीस दोघांना सारखे ठेवा. निधी कमी असेल तर दोघांचे कमी ठेवा. मुलींना कुकर देऊ नका. सामना जिंकून आलेल्या मुलीला कुणी स्वयंपाकघर दाखवू नये.

अल्लाह आपल्या मुलींच्या हलाल कमाईत बरकत देवो, आणि ती मोजताना आपल्याला न्यायाने मोजण्याची तौफिक देवो. आमीन.